चार चाकं जुंपून माहेराला

आमच्या नाशकात कोणाला मराठवाड्याबद्दल विचारलं, तर तो वेरूळ-अजिंठ्यापर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. पुढे काय आहे हे विचारलं की नुसता हात हलवतो. "तिकडे काय, निजामाचं राज्य होतं," म्हणतो, जणू एवढ्यात सगळं सांगून झालं. मीही त्यांच्यातलाच. पण या पोळ्याला मी जालन्याच्या पुढे अंबड आणि अंबडच्या पुढे घनसावंगीपर्यंत जाऊन आलो. लेणी पाहायला गेलो नव्हतो. थोरल्या बहिणीला आणायला गेलो होतो.

अक्का तिकडे दिली त्याला बरीच वर्षं झाली. पहिली काही वर्षं ती येत-जात असे. मग रझाकारांचे दिवस आले, वाटा बंद झाल्या. पोलीस ॲक्शननंतर वाटा उघडल्या, तर घरची बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण, कापूस, काही ना काही निघतच राहिलं. आमची आई दर सणाला म्हणायची, "येईल पुढच्या वेळी." मग आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही टिकायची नाही. आईला आजूबाजूचं आता दिसत नाही. समोरचं फुलपात्राच्या तोंडाएवढं गोल तेवढं दिसतं, त्यातून ती तुकड्या-तुकड्यानं जग बघते. तिनं कोणाबद्दल तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली, "वसंता, शकूला घेऊन ये. तिचं तोंड एकदा बघून ठेवते."

आता अशा कामाला निघालेला माणूस प्रवासवर्णन कसलं लिहिणार? पण परत आल्यापासून शाळेतल्या सहकाऱ्यांनी इतकं विचारलं, की एकदाच लिहून टाकतो.

जालना

मनमाडला गाडी बदलली की रूळ अरुंद होतात आणि माणसं सैल होतात. डब्यात कोणी कोणाला "सरका" म्हणत नाही. सगळे आपणहून सरकतात आणि लगेच गाव विचारतात. औरंगाबाद गेल्यावर दोन्ही बाजूंना काळं रान सुरू होतं. आमच्याकडची जमीन डोंगराच्या आधारानं बसलेली असते. इथली आडवी पडलेली, दूरवर पसरलेली, तिला कशाचीच घाई नाही.

जालन्याला उतरलो तेव्हा सकाळ चांगली वर आली होती. दुकानांच्या पाट्या अजून उर्दूत, खाली नव्या रंगानं मराठी लिहिलेलं. सरकीच्या ढिगांचा वास सगळ्या बाजारात भरून राहिलेला. चहा घेतला तर दुकानदारानं बशी भरून वर आणखी ओतला. "पाव्हणे, सांडला तर सांडू द्या, पर पोट भरलं पायजे," म्हणाला. आमच्याकडे चहावाला कपाच्या काठाखाली बोटभर जागा ठेवतो, ते मला आठवलं.

अंबडच्या मोटारीत माझ्या शेजारी एक म्हातारी मणियारीण बसली होती, मांडीवर बांगड्यांची टोपली घेऊन. कुठे चाललो ते तिनं पाच मिनिटांत काढून घेतलं.

"बहन को लाने जा रै? अच्छा है," ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "बहन के वास्ते क्या लिये?"

मी नाशकाचा चिवडा आणि मनुका घेतल्या होत्या. तिनं ते ऐकून तोंड वाकडं केलं. "वो तो सब खाएंगे. उसका क्या?" असं म्हणून टोपलीतून हिरव्या बांगड्यांचा जोड काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मी खिशाकडे हात नेला तर तिनं माझ्या मनगटावर चापट मारली. अक्काच्या हाताचं माप मला माहीत नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं, आणि त्याचं वाईट वाटलं. सख्ख्या बहिणीचा हात केवढा आहे हे ठाऊक नसावं, इतकं आमच्यात अंतर पडलं होतं.

अंबड ते घनसावंगी

अंबडला दाजी जीप घेऊन उभे होते. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. माणूस उंचापुरा, मिशीला पीळ, बोलणं मोठं आणि मन त्याहून मोठं. उन्हाळ्यात त्यांनी औरंगाबादेहून लष्करानं काढून टाकलेली एक जुनी जीप घेतली होती. टप ताडपत्रीचं, स्टिअरिंग भलत्याच बाजूला, आणि ड्रायव्हरच्या पायाशी एक मोठा आणि दोन छोटे असे तीन दांडे.

"ह्यो मोठा गिअरचा," दाजींनी मला बसल्या बसल्या शिकवलं. "ह्यो दुसरा ताकदीचा. आणि ह्यो तिसरा असली चीज. ह्यो पुढं ढकलला की पुढची जोडी बी जुपली. चारी बैल एकदम ओढतेत."

"आणि नाही ढकलला तर?"

"मंग मागची दोनच. पर दोन बैल दावणीला बांधून दोघांवरच नांगर कोन धरील?"

मला हे पटलं. मराठीचा मास्तर मी, मला काय कळतंय. आणि अंबड सोडल्यावर पुढे जे बघितलं त्यानं तर मी त्या तिसऱ्या दांड्याचा भक्तच झालो. अंबडपर्यंत खडीची सडक, पुढे गाडीवाट. दोन दिवसांपूर्वी पाऊस झालेला. त्या काळ्या चिखलाला चिखल म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. पाय ठेवला तर वहाण तिथंच राहते आणि काढायला गेलं तर हातही तिथंच राहायला बघतो. अशा वाटेवर जीप मान हलवत, मागचा भाग डाव्या-उजव्या बाजूला टाकत चालली होती. एका ओढ्यात भरल्या गाड्या अडकल्या होत्या, गाडीवाले चाकांना खांदा देत होते. आमची जीप घुरघुरत पाण्यात उतरली, मधे क्षणभर विचारात पडली आणि समोरच्या दरडीवर चढली. दाजींनी मागे वळून गाडीवाल्यांकडे असं पाहिलं, की मलाच संकोच वाटला.

घराच्या दारात अक्का उभी होती. केस कानाशी पांढरे झालेले. मी मनात काहीतरी बोलायचं ठरवून आलो होतो, पण आधी तीच बोलली.

"आलास का रे वसंता," ती म्हणाली. "मी सकाळधरनं वाट बघून राह्यले."

बघून राह्यले. आमच्या घरी कोणी असं बोलत नाही. तिचा आवाज तोच होता, पण बोलणं इथल्या मातीचं झालं होतं. मला उगीचच कोणीतरी आपल्या बहिणीची वस्तू आपल्याला न विचारता बदलून टाकल्यासारखं वाटलं. रात्री आईसारखीच ती ताटात वाढून झाल्यावर बोटांनी भांड्याची कड पुसायला लागली, तेव्हा जरा बरं वाटलं. मणियारणीच्या बांगड्या तिनं डोळे मिटून हातात सरकवल्या. नेमक्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी पोळा. आदल्या संध्याकाळी इथं बैलांची खांदमळणी असते. तूप आणि हळद लावून त्यांचे खांदे चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. अक्काच्या सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणते, बैल झाल्यावर हळदीची वाटी घेऊन जीपपाशी गेल्या आणि तिच्या पुढच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्यांना त्यांनी तूप-हळद चोळली. मी हसलो तर म्हणाल्या, "हसू नका, पाव्हणं. तिनं बी ओढलंय." सकाळी जीपला झूल चढली, समोरच्या दिव्यांना बेगडाची बाशिंगं बांधली, आणि पोळ्याच्या मिरवणुकीत ती बैलांच्या रांगेत, शिंगं रंगवलेल्या खिलारी जोडीच्या मागे आणि एका म्हाताऱ्या गावरानाच्या पुढे, पहिल्या गिअरमध्ये चालली. माझ्याकडे कॅमेरा नव्हता, ही एकच खंत. जेवायला पुरणपोळी, येसराची आमटी, आणि करडईच्या तेलात परतलेली भाजी, जिचा वास मला पहिल्या घासाला नको झाला आणि तिसऱ्याला हवासा.

आत्याबाईंनी अक्काला जायची परवानगी दिली होती, पण महालक्ष्म्यांच्या आत परत यायचं. तिकडे महालक्ष्म्या उभ्या राहतात त्या दिवशी घरची सून घरातच हवी. म्हणजे मोजके दिवस. मुलं आजीपाशीच राहणार होती. रात्रभर अक्काच्या गाठोड्याच्या गाठी सोडल्या-बांधल्याचा आवाज येत होता.

गावची शीव

पोळ्याची कर संपली आणि तिसऱ्या दिवशी निघालो. दारात चाकांवर पाणी घातलं, नारळ फुटला, अक्काच्या तळहातावर दही ठेवलं. आत्याबाई जीपमध्ये बसून गावच्या शिवेपर्यंत आल्या. तिथं उतरल्या, अक्काच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जा बाई. भाऊ आलाय, आनंदात जा. आता मागं बघायचं न्हाई आणि मागं यायचं बी न्हाई."

हे शेवटचं मी आशीर्वादाचं समजलो. तो नियम होता. त्या घरात, आणि मला वाटतं त्या गावातही, माहेराला निघालेल्या सुनेची गाडी एकदा शीव ओलांडली की मागे फिरत नाही. फिरली तर त्या सालचं जाणं मोडलं. देवाला ते मान्य नव्हतं असं समजायचं आणि पुढच्या सालाची वाट बघायची. आमच्याकडे काही विसरलं म्हणून मागे आलो तर घटकाभर बसतो, गूळ-पाणी घेतो आणि परत निघतो. आमच्याकडच्या देवाला गुळाच्या खड्यावर समजावता येतं, इकडचा कडक आहे.

वाटेत दाजींनी मला हे सगळं समजावून सांगितलं, बैलांवर रागावल्यासारखं. "गेल्या साली बैलगाडीनं निघाली. वढ्याला पानी आल्तं. गाडी मागं आली. मंग काय, राह्यलंच."

"मग थांबायचं ना पाणी उतरेपर्यंत."

"थांबली होती की. संध्याकाळपर्यंत बसली होती वढ्याच्या काठी. बैल भुकेले होते, गाडीवान ऐकंना."

अक्का मागच्या बाकावर बसून पुढे बघत होती. तिनं सगळं ऐकलं असणार.

चिखल, ओढा, पुन्हा चिखल, चारी बैल जुंपलेले. अंबडला खडीच्या सडकेवर चढलो तेव्हा उन्हानं सडक कोरडी झाली होती. मी म्हटलं, "दाजी, आता पक्की सडक आली. तिसरा दांडा काढायचा का?"

"वावरातून बांधावर आलो म्हणून कोनी बैल सोडतंय का?" दाजी म्हणाले. "जल्दी पोचू चौघांच्या जोरावर. दुपारची गाडी गाठायची हाय."

आधीच सांगून टाकतो, हीच चूक. दुसरीकडच्या कोणा ड्रायव्हरनं ती केली नसती. पण जीपला झूल घालून पोळ्यात चालवणाऱ्या घरात आणखी काय होणार?

सडकेवर

अंबड मागे पडल्यावर थोड्याच अंतरात जीप नाराज झाली. वळणावर स्टिअरिंग जड जाऊ लागलं. दाजी दोन्ही हातांनी ते ओढत होते. टायर खडीवर कुरकुरू लागले. मग खालून, मागच्या आसाच्या मधल्या त्या लोखंडी गोळ्यातून, ज्याला डिफरन्शियल म्हणतात, म्हैस हंबरावी तसा आवाज यायला लागला. दर थोड्या वेळानं खालून असा हिसका बसे की आमचे दात एकमेकांवर आपटत. तापल्या तेलाचा वास आला तेव्हा दाजींनी गाडी थांबवली.

ते खाली वाकून बघून आले. गोळ्याला हात लावला आणि झटकन काढला. खाली धुळीत तेलाचे थेंब पडत होते. परत येऊन तिसरा दांडा मागे ओढला, तर तो जागचा हलेना. दोन्ही हातांनी ओढला, पाय लावून ओढला, मीही पाय लावला. एका दगडानं ठोकून पाहिला. दांडा जणू तिथंच ओतलेला होता.

दाजी सडकेच्या कडेला उकिडवे बसले आणि मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर आठवण उतरली.

"त्या मिस्त्रीनं सांगितलं होतं," ते म्हणाले. "औरंगाबादच्या. घेताना. म्हनला होता, पुढची चाकं आणि मागची चाकं एकाच दाव्याला बांधलेली. वळताना पुढची जास्ती चालतेत, मागची कमी. चिखलात चाकं घसरतेत, म्हणून तो फरक निघून जातो. सडकेवर घसरायला जागा न्हाई. मंग आतल्या आत पीळ चढत जातो, दोरीवानी. म्हनला होता, सडक आली की दांडा काढायचा. मला वाटलं, मिस्त्री लोकं बोलतेत जास्ती. उन्हाळ्यात आणली तवा पुढची जोडी जुपायची वेळच आली न्हवती."

"आणि आता?"

"असंच चालवलं तर आत काहीतरी तुटंल. दाते जातील. मंग गाडी हितंच."

"पीळ सोडायला काही सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं की." दाजींचा चेहरा उजळला. "बिलकुल सोपं हाय. जुवाचा खिळा अडकला की बैल जरा मागं सारतो ना आपण, मंग खिळा निघतो. तसंच. गाडी मागं घ्यायची, थोडी. पीळ उलटा सुटतो, दांडा मोकळा."

ते उठून सीटवर बसले. रिव्हर्सचा गिअर पडल्याचा आवाज आला.

"मागं न्हाई," अक्का म्हणाली.

दोघंही वळलो. ती बाकावर ताठ बसली होती, दोन्ही हात गाठोड्यावर.

"अगं, थोडी," दाजी म्हणाले. "दोन हात."

"दोन हात मागं बी मागंच की."

"हे गाव सोडून किती लांब आलो आपण. शीव कुठं राह्यली, तू कुठं."

"मी गाडीत बसलेली हाये. मी बसलेली गाडी मागं जायची न्हाई."

दाजींचा आवाज चढला. "मंग काय करू? तुटू देऊ? तुटली तर बैलगाडी बोलवून घरीच न्यावं लागंल तुला. मंग काय करशील?"

मी मध्ये पडलो. मास्तरांना मध्ये पडायची सवयच असते. म्हटलं, "अक्का, हा यंत्राचा भाग आहे. आत्याबाईंनी काय बैलगाडीच्या काळात—"

"गेल्या साली तू न्हवतास वसंता," ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "घरी परत आले तर आत्याबाई काही बोलल्या न्हाईत. रागावल्या बी न्हाईत. नुसतं माझ्या मांडीवरचं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठिवलं. पुरं साल ते तिथंच होतं, कपाटाखाली. झाडताना रोज दिसायचं." मग थांबून म्हणाली, "आणि तवा आईला दिसत होतं. सगळं दिसत होतं."

सडकेवर कोणी नव्हतं. सकाळची मोटार कधीच गेली होती. दोन्ही बाजूंना कापसाची झाडं गुडघ्याएवढी आली होती. दाजींनी गिअर काढला, पुन्हा एकदा दांड्याला हिसके दिले, त्यांच्या तळहाताची साल निघाली, पण काही झालं नाही.

अक्का उतरली. गाठोडं काखेत घेतलं. आम्हाला वाटलं ती बाजूला उभी राहते आहे.

"मी गाडीत न्हाई," ती म्हणाली. "आता तुमची गाडी तुमी न्या मागं, केवढी न्यायची ती. मी पुढं जाते."

"जा, उभी राहा तिकडं सावलीला," दाजी म्हणाले. त्यांचं लक्ष गाडीत होतं.

रिव्हर्स टाकला. जीप कण्हली, थरथरली, थोडी मागे सरकली. काही झालं नाही. आणखी मागे नेली. मी दांड्याला पाय लावून बसलो होतो. अचानक खालून दणका आला, कोणीतरी हातोडा मारावा तसा, आणि दांडा माझ्या पायाखालून सटकला, मी सीटवरून खाली पडलो. दाजी हसायला लागले. मीही हसायला लागलो. दोघं आडदांड बाप्ये त्या सडकेवर पोरांसारखे हसत होतो. मग दाजींनी खाली जाऊन गोळा बघितला, कान लावला, तेल ओतलं, बूच आवळलं. स्टिअरिंग फिरवून पाहिलं तर ते लोण्यासारखं फिरत होतं. या सगळ्यात बराच वेळ गेला.

"चला, बसा आता," दाजींनी हाक मारली.

सावलीला कोणी नव्हतं.

मी सीटवर उभा राहून पाहिलं. सडक सरळ जाऊन दूर एका लिंबापाशी वळत होती आणि त्या वळणाच्या जवळ एक हिरवं पातळ जालन्याच्या दिशेनं चाललं होतं. ते थांबत नव्हतं. मागे वळून बघत नव्हतं.

दाजींनी गाडी सुरू केली. मी हॉर्नकडे बोट दाखवलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिच्या मागे थोड्या अंतरावर पोचल्यावर त्यांनी गाडी हळू केली, अगदी तिच्या चालीएवढी, पोळ्यात चालवली होती तशी. मला वाटलं ते शेजारी जाऊन थांबवतील. ते थांबवत नव्हते. तिच्या वहाणा जीपमध्येच राहिल्या होत्या. ती अनवाणी खडीवरून, मधेच कडेच्या ओल्या काळ्या मातीतून चालली होती, झपझप, पदर खोचलेला, गाठोडं आता डोक्यावर.

"थांबवा ना," मी म्हटलं.

"चालू द्या थोडं." दाजी म्हणाले. ते समोर तिच्या पाठीकडे बघत होते. "येवढं वाटत होतं तिला. मला म्हाईत न्हवतं, खरंच. घरात कधी बोलली न्हाई."

तसेच बराच वेळ आम्ही तिच्या मागोमाग गेलो. शेवटी मलाच राहवेना. उडी मारून उतरलो आणि धावत तिच्या बरोबरीला गेलो. ती घामानं न्हाली होती. माझ्याकडे बघितलं तर आश्चर्य वाटल्यासारखं.

"आली का गाडी?" ती म्हणाली. "मला वाटलं तुमी मागं गेलात."

"घनसावंगीला?"

"हां."

"आणि तू?"

"मी चालले होते," ती म्हणाली, आणि या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे हे तिला कळलं नाही. "जालना पुढंच हाय ना?"

दाजी उतरले, तिच्या पायापाशी वहाणा ठेवल्या आणि पुन्हा गाडीत जाऊन बसले. तिनं वहाणा हातात घेतल्या, घातल्या नाहीत. गाडीत बसताना पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली, दाजींच्या शेजारी. मी मागे गेलो. जालन्याला पोचलो. दुपारची गाडी सुटली नव्हती, ती तिकडे कधीच वेळेवर सुटत नाही, आणि या एका गोष्टीबद्दल मी त्या रेल्वेचा जन्मभर ऋणी आहे. गाडी हलली तेव्हा दाजी खिडकीबरोबर चालत म्हणाले, "महालक्ष्म्यांना येशील ना?" अक्का म्हणाली, "येते की." तिचे डोळे भरले होते. मी तिच्या सासरबद्दल मनात जे काही वाईटसाईट साठवून नेलं होतं, त्यातलं बरंचसं त्या फलाटावर सोडून आलो.

मनमाडला गाडी बदलताना नळ होता. म्हटलं, "अक्का, पाय धुऊन घे, किती माखलेत."

"घरी," ती म्हणाली. "दारात."

नाशिक

आमच्याकडे माहेराला आलेल्या मुलीच्या पायावर दारात पाणी घालतात. आई सकाळपासून उंबऱ्यापाशी तांब्या घेऊन बसली होती. पायरवावरून तिनं ओळखलं. अक्का समोर येऊन उभी राहिली. आई खाली वाकून पाणी घालायला गेली, त्यामुळे तिच्या त्या फुलपात्राएवढ्या नजरेत सगळ्यात आधी अक्काचे पाय आले. काळी माती टाचांवर वाळून भेगाळलेली, एका अंगठ्याला खडी लागून रक्त सुकलेलं.

आईचा तांब्या थांबला.

"शकू," ती म्हणाली. "चालत आलीस काय गं?"

अक्का म्हणाली, "हो आई."

"तिथून?"

"हो. तिथूनच."

आईनं पाणी घातलं नाही. "हलू नकोस," म्हणाली, आणि पायांपासून निघून, पातळाचा काठ, हिरव्या बांगड्या, खांदा असं एक-एक बघत हळूहळू वर गेली. चेहऱ्यापर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. अक्का तशीच उभी राहिली.